गोळी, घड्याळ आणि पच्चक्खाण



‘जमा-खर्च’ या सदरात आपण आजवर घरखर्चाचे अंदाजपत्रक, मृत्युपत्र, मुलींच्या नावावरची गुंतवणूक, वडिलोपार्जित जागेची वाटणी अशा विषयांवर बोलत आलो. चातुर्मास सुरू झाला आहे, तेव्हा या अंकात मी प्राप्तिकर विवरणपत्रांच्या तारखांविषयी लिहावे, अशी संपादकांची अपेक्षा होती. त्यांची परवानगी घेऊन विषय बदलला आहे. कारण असे, की मागील महिन्यात नात्यातल्या एका लग्नात समाजातील एक तरुण मला बाजूला घेऊन गेला. तो पुण्यात संगणक क्षेत्रातील एका कंपनीत आहे. मनोविकारतज्ज्ञांनी त्याला गोळ्या लिहून दिल्या आहेत आणि ती चिठ्ठी गेले सहा आठवडे त्याच्या पाकिटात घडी घालून पडली आहे. ‘काका, कामाचा एवढा रेटा संपू द्या, मग सुरू करतो,’ असे तो म्हणाला. नेमके हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी मी स्वतः उच्चारले होते. इतरांचे हिशेब तपासण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने एकदा स्वतःचा हिशेब उघडा करावा, असे त्या दिवशी वाटले.

त्या वर्षी एप्रिलपासून माझी झोप पहाटे तीनच्या सुमारास तुटू लागली. जाग येई ती छातीत धडधड घेऊनच. कार्यालयात ताळेबंद समोर असे. आकडे दिसत, पण त्यांचा अर्थ मनात उतरत नसे. एकच पान चार-चार वेळा वाचावे लागे. जेवणाची चव गेली. सामायिकाला बसलो, की अठ्ठेचाळीस मिनिटे सरता सरत नसत. माळ हातात आणि मन भलत्याच कोनाड्यात. ‘सकाळी जाग आलीच नाही तर सुटलो,’ असा विचार एकदा येऊन गेला आणि मग तो रोज येऊ लागला. हे मी कुणाला सांगितले नाही. वर्षानुवर्षे ज्यांच्या वह्या मी तपासतो, त्या व्यापाऱ्यांसमोर हसतमुखाने बसत राहिलो.

घरात आईला बदल जाणवला होता. तिने तिच्या परीने निदानही केले होते: ‘हे आर्तध्यान आहे. स्वाध्याय वाढव, व्याख्यानाला ये.’ तिचे म्हणणे मला पटलेही होते. आपल्याकडे ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिलेच आर्तध्यान. दुःखाच्या चिंतनात मन गुंतून राहणे हा त्याचा विषय. माझी अवस्था तीच होती, असे मी स्वतःला सांगे आणि ती माझ्या धर्माचरणातील उणीव मानून स्वतःला अधिकच दोष देई. पण पाय मोडलेल्या माणसाला काउसग्गात उभे राहता आले नाही, तर त्याची श्रद्धा कमी पडली असे आपण म्हणत नाही. माझा पाय मोडला होता, हे मला दिसत नव्हते. ते प्रथम माझ्या पत्नीला दिसले. तिने परस्पर वेळ घेतली आणि जूनच्या शेवटी मला मनोविकारतज्ज्ञांपुढे नेऊन बसविले.

डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतले. रक्ताच्या तपासण्या करवल्या: थायरॉइड, साखर, बी-१२ जीवनसत्त्व. थायरॉइड मंदावले असता नैराश्यासारखीच लक्षणे दिसू शकतात आणि बी-१२ हे दूध-दह्याखेरीज शाकाहारात जवळजवळ नसते. त्यामुळे आपल्या समाजाने ही तपासणी टाळू नये. माझे बी-१२ कमी निघाले, त्यावर उपचार झाले. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की एवढ्याने भागणार नाही. हा नैराश्याचा आजार आहे, सोबत चिंतेचाही. समुपदेशनासोबत त्यांनी एस्सिटॅलोप्रॅमची गोळी लिहून दिली, आठवडाभर पाच मिलिग्रॅम आणि मग दहा. झोपेसाठी, केवळ दोन आठवड्यांपुरती, क्लोनाझेपामची लहानशी मात्रा.

ती चिठ्ठी घेऊन मी घरी आलो आणि ती माझ्या पाकिटात तीन आठवडे राहिली. कारणे भरपूर होती. ३१ जुलै ही तेव्हा ज्यांना लेखापरीक्षण लागत नाही अशा करदात्यांची विवरणपत्राची तारीख होती. त्यापाठोपाठ ३० सप्टेंबर ही कर-लेखापरीक्षण अहवालाची. ‘गोळीने गुंगी आली तर? आकडा चुकला तर? औषधाच्या दुकानात ओळखीचे कुणी भेटले तर? एकदा सुरू केली की जन्मभर सुटली नाही तर?’ आज त्या प्रश्नांकडे पाहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. औषधाने काम बिघडेल, ही भीती मी रोज मोजत होतो. औषधावाचून काम आधीच किती बिघडले आहे, हे मात्र एकदाही मोजले नाही. खर्चाची बाजू लिहायची आणि तोट्याची वही कपाटात ठेवायची, असा हा हिशेब होता. माझ्या एखाद्या अशिलाने तो आणला असता, तर मी त्यावर सही केली नसती.

शेवटी एका शुक्रवारी रात्री पत्नीने विचारले, ‘तुमच्या धंद्यात कधी मोकळा महिना असतो का?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, नवकारसी झाल्यावर पहिली गोळी घेतली.

पुढील दहा-बारा दिवस कसे गेले, ते मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही आणि न सांगितल्यामुळेच अनेक जण चौथ्या दिवशी गोळी सोडतात. पोटात सतत मळमळ. डोके किंचित जड. तोंडाला कोरड. कारण नसताना जांभयांवर जांभया. एका अशिलाने गमतीने विचारले, की माझे बोलणे एवढे कंटाळवाणे आहे का? आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे अस्वस्थता पहिल्या आठवड्यात कमी न होता थोडी वाढलीच. डॉक्टरांनी हे आधी सांगितले होते म्हणून मी टिकलो. या वर्गातील औषधांचे उपद्रव पहिल्या दिवसापासून जाणवू लागतात. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामासाठी सहा ते आठ. म्हणजे खर्च आधी, जमा नंतर. मेंदूतील पेशींचे परस्पर व्यवहार सावकाश बदलतात, त्याला घाई चालत नाही. ज्याला हे ठाऊक नसते, त्याला वाटते की औषध लागू पडले नाही.

त्या काळात कार्यालयात मी काही साध्या गोष्टी केल्या. शनिवारी सुरुवात केल्यामुळे पहिले दोन दिवस घरात गेले. पहिले दोन आठवडे स्कूटर चालविली नाही, रिक्षाने गेलो-आलो. अवघड कामे सकाळी अकरानंतर, मळमळ ओसरल्यावर ठेवली. चहा चारावरून एकावर आणला, कारण धडधडीत त्याचाही वाटा होता. आणि कोणताही अंतिम आकडा दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा नियम केला. ‘वय झाले, चष्मा बदलायचा आहे,’ असे सांगून तो नियम मी रेटला. हे खोटे बोलणे होते. त्याकडे पुढे येतो.

खरी अडचण निघाली ती झोपेच्या गोळीची. ती रात्री निजताना घ्यायची होती. मी कित्येक वर्षे चौविहार करतो. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. डॉक्टरांना हे मी सांगितलेच नव्हते. का नाही सांगितले? संकोच. त्यांना हे कर्मकांड वाटेल, अशी धास्ती. मग मीच तोडगा काढला: संध्याकाळचा डबा कार्यालयात सूर्यास्तापूर्वी होई, त्यासोबतच ती गोळी घेऊ लागलो. आठ वाजता फायलीवर मान कलंडू लागली. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीत झोपलेला सापडलो. आणि घरी पोहोचून अंथरुणावर पडावे, तर पहाटे पुन्हा टक्क जाग. व्रत पाळले आणि औषधही घेतले, असे समाधान मी करून घेतले. प्रत्यक्षात दोहोंपैकी एकाचाही नीट मान राखला नाही.

फोन केला तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. ‘हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. तुमचे जेवण किती वाजता, पाणी किती वाजता, उपवास किती, हे मला कळल्याशिवाय मी वेळ कशी ठरवू?’ त्यांनी क्लोनाझेपाम बंद केले. थोडेच दिवस आणि अल्प मात्रेत घेतले होते, म्हणून ते शक्य होते. महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी एकाएकी थांबवता येत नाही आणि तिची सवयही लागू शकते. नैराश्यावरची मुख्य गोळी मात्र सकाळी घेतली तरी चालणारी होती. म्हणजे ज्या प्रश्नाने मला आठवडाभर छळले, तो दोन मिनिटांत सुटला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी मी पाहिले, की घड्याळात साडेपाच वाजले आहेत आणि मी नुकताच उठलो आहे. काही दिवसांनी जेवताना आईला म्हणालो, ‘आज मुगाची डाळ चांगली झाली आहे.’ ती माझ्याकडे पाहतच राहिली. कित्येक महिन्यांत मी पदार्थाविषयी एक शब्द बोललो नव्हतो. आनंदाचे उधाण आले, असे काही नाही. पाण्याखालून डोके वर निघाले, एवढेच.

आणि याच सुमारास मी या सर्व प्रकरणातील सर्वांत मोठी चूक केली.

पर्युषण जवळ आले होते. बरे वाटत होते. मनात आले, एवढ्या मोठ्या दुःखातून बाहेर आलो, अठ्ठाई करावी. आठ दिवस फक्त उकळलेले पाणी. उपवासात गोळी कशी घ्यायची? मग गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारले नाही, पत्नीला सांगितले नाही. आतल्या आत असाही एक हिशेब होता, की तपाने कर्मनिर्जरा होईल, मग औषधाची गरजच काय.

तिसऱ्या दिवशी मान वळविली, की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होऊ लागले. चक्कर, चिडचिड, रात्री चित्रविचित्र स्वप्ने. उपवासाचा थकवा म्हणून सोडून दिले. पर्युषणातही कार्यालय बंद नव्हते. पाचव्या दिवशी एका कंपनीच्या अहवालात मी मागील वर्षीच्या स्तंभातील आकडे चालू वर्षात उतरवून ते पुढे पाठवायला दिले. आमच्याकडे आर्टिकलशिप करणारी एकवीस वर्षांची मुलगी ते कागद घेऊन आत आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘सर, हे एकदा पाहता का?’ चूक तिने पकडली, म्हणून ती कार्यालयाच्या भिंतीबाहेर गेली नाही. मी तिच्यावर ओरडलो. ती रडत बाहेर गेली. पंधरा वर्षांत मी कुणा विद्यार्थ्यावर आवाज चढविला नव्हता, आणि तोही क्षमेच्या पर्वात.

संध्याकाळी पत्नीने औषधाची पट्टी मोजली आणि सगळे तिच्या लक्षात आले. डॉक्टरांनी सांगितले, की हे तप न सोसल्याचे लक्षण नाही. औषध एकदम तोडल्याचे आहे. मेंदू ज्या व्यवस्थेशी जुळवून घेत होता, ती अचानक काढून घेतली. ही औषधे नशेच्या अर्थाने व्यसन लावत नाहीत. पण ती थांबवायची ती पायरी-पायरीने, आठवडे वा महिने घेऊन, आणि बरे वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवून. बरे वाटते म्हणून सोडणे म्हणजे पीक डोलू लागले म्हणून विहिरीचे पाणी तोडणे.

दुसऱ्या दिवशी पारणे करून गोळी सुरू केली आणि मग स्थानकात गेलो. ज्या मुनिराजांचा चातुर्मास होता, त्यांच्याजवळ एकांतात सारे सांगितले. अठ्ठाई मोडली, म्हणून आलोचना मागितली. त्यांनी विचारले, ‘पच्चक्खाण घेताना त्यातील आगार ऐकता ना?’ मी ऐकत होतो, आयुष्यभर ऐकत आलो होतो, पण अर्थाकडे कधी लक्ष दिले नव्हते. त्यांनी समजावून सांगितले. नकळत तोंडात काही गेले तर. अचानक काही घडले तर. थोरांची तशी आज्ञा झाली तर. आणि आणखी एक: सर्वसमाधीचा आगार. रोगाच्या पीडेने चित्ताची समाधी ढळू लागली, तर ती सावरण्यासाठी औषध घेतल्याने पच्चक्खाण भंग पावत नाही. ‘ज्यांनी हे व्रत सांगितले, त्यांनी आजारी माणसाचा विचार आधीच करून ठेवला आहे. तुम्ही मात्र त्यांच्याहून कठोर झालात. समाधीसाठी तप असते. समाधी घालवून तप कशासाठी?’

त्या दिवसापासून मी याविषयी थोडे वाचू लागलो. आपल्या परंपरेत आहार, शास्त्र आणि अभय यांच्या बरोबरीने औषधाचे दान सांगितले आहे. आजारी साधूंची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हे अभ्यंतर तपांत गणले आहे. नवव्या शतकातील उग्रादित्याचार्यांनी तर ‘कल्याणकारक’ हा वैद्यकाचा ग्रंथच रचला आणि मद्य-मांसाविना चिकित्सा करता येते, हे त्यात आग्रहाने मांडले. तो ग्रंथ १९४० मध्ये आपल्या सोलापुरातून छापून प्रसिद्ध झाला. आजार हा असातावेदनीय कर्माचा उदय असेल; पण म्हणून मधुमेहाच्या गोळीला आपल्यातील कुणी ‘कर्मापासून पळ काढणे’ म्हणत नाही. मग मनाच्या गोळीलाच तो न्याय का? अनेकांत शिकलेल्या समाजाने ‘हे केवळ मनाचे आहे’ किंवा ‘हे केवळ रसायनांचे आहे’ असा एकान्त धरू नये. माझ्या आजारात शरीर होते, कामाचा ताण होता, स्वभाव होता. आणि बरे होण्यात औषध होते, समुपदेशन होते, घरची माणसे होती, सामायिकही होते. फक्त सामायिक पुन्हा नीट होऊ लागले, ते औषधानंतर.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थिनीला आणि माझ्या भागीदार मित्राला समोर बसवून क्षमा मागितली. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्याची सवय असते. पण नेमके कशाबद्दल, हे सांगणे मला प्रथमच भाग पडले. मी आजारी आहे, औषध चालू आहे आणि चष्म्याचे कारण खोटे होते, हे सांगितले. मित्र थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘तू मला जूनमध्ये का नाही सांगितलेस?’ त्याने माझ्याकडची दोन मोठी कामे स्वतःकडे घेतली. ३० सप्टेंबरची मुदत आम्ही पाळली.

माझा भागीदार मित्र होता, म्हणून हे सोपे झाले. नोकरदाराचे तसे नसते. वरिष्ठ कसा आहे, यावर बरेच अवलंबून असते. त्यामुळे ‘सर्वांना सांगा’ असा सल्ला मी देणार नाही. मात्र काही गोष्टी ठाऊक असाव्यात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. कार्यालयात सांगायचेच झाले, तर आजाराचे नाव सांगण्याची गरज नसते. ‘नवे औषध सुरू झाले आहे, दोन-तीन आठवडे रात्रपाळी वा प्रवास नको’ एवढे पुरते. याच कायद्याने आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे ठरविले आहे. बहुतेक पॉलिसींत डॉक्टरांची तपासणी फी आणि नेहमीच्या गोळ्यांचा खर्च मिळत नाही, ही बाब निराळी. आणि विम्याचा अर्ज भरताना हा आजार लपवू नका. लपविलेली माहिती पुढे दावा नाकारण्याचे कारण होते, हे या सदरातून मी पूर्वीही सांगितले आहे.

आता चातुर्मासाच्या तोंडावर काही व्यवहाराच्या सूचना. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नव्हेत. त्यांच्यापुढे बसण्यापूर्वीची तयारी म्हणून वाचाव्यात.

पहिल्याच भेटीत आपला दिनक्रम लिहून न्या: जेवणाच्या वेळा, चौविहार, आयंबिल-उपवासांचे बेत, कामाचे तास, रात्रपाळी, वाहन चालविणे. काही औषधे रिकाम्या पोटी चालतात, काहींना पोटात पुरेसे अन्न लागते. लिथियम घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जल उपवास मुळीच करू नये. शरीरातील पाणी घटले, की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. दिगंबर बंधू-भगिनींनी दशलक्षणापूर्वी हीच चौकशी करावी.

कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. मनात किंतु असेल, तर तो गिळून टाकण्याऐवजी किंवा औषध गुपचूप सोडण्याऐवजी बोलून दाखवा. त्याच औषधाची वा त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाची गोळी पुष्कळदा मिळते.

पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेवाचून दिवस काढल्याचे, पैसे उधळल्याचे काळ येऊन गेले असतील, तर ते अवश्य सांगा. तशा आजारात औषधांची निवडच बदलते. घरातील मूल पंचविशीच्या आतील असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत त्याच्यावर प्रेमाने लक्ष ठेवा. या वयात आरंभी जीव नकोसा होण्याचे विचार वाढण्याची शक्यता असते. दुसरे कोणतेही औषध, मग ते आयुर्वेदिक असो वा डोकेदुखीवरची आयबुप्रोफेनसारखी घरात पडलेली गोळी असो, विचारून घ्या. पती-पत्नींच्या सहजीवनातही या औषधांनी कधी कधी अडथळा येतो. त्याची लाज बाळगू नका. मात्रा वा औषध बदलून त्यावर उपाय करता येतो.

आणि एक छोटी वही ठेवा. रोज झोप किती, भूक कशी, काम किती जमले, एवढ्या तीन ओळी. दोन आठवड्यांनी डॉक्टरांना ‘तसे बरे आहे’ असे मोघम सांगण्यापेक्षा ती वही त्यांच्यापुढे ठेवा.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी १० टक्क्यांहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने ग्रस्त आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. आपल्या समाजाच्या कोणत्याही सभागृहात शंभर माणसे बसली असतील, तर त्यांत माझ्यासारखे किती, याचा अंदाज करणे अवघड नाही. कुणाच्या मनात जीवन संपविण्याचा विचार येत असेल, तर मुहूर्त वा हंगाम पाहू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा, डॉक्टर गाठा. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य मिळते.

माझी गोळी पुढील वर्षीच्या उन्हाळ्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दोन महिने मात्रा उतरवत बंद झाली. काहींना ती अनेक वर्षे घ्यावी लागते. त्यात त्यांचा पराभव नाही. पुन्हा गरज पडली, तर मी तीन आठवडे थांबणार नाही.

एक नोंद राहिली. अठ्ठाई मोडल्यानंतर आईशी काय बोलावे, हे मला सुचत नव्हते. त्या पर्युषणात माझ्या तपाचा तिला किती आनंद झाला होता, हे मी पाहिले होते. पारण्याच्या दुसऱ्या दिवशी नवकारसीच्या वेळी स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला झाकून ठेवलेला आणि त्याशेजारी वाटीत माझी गोळी. आईने काही म्हटले नाही. पुढे ती गोळी बंद होईपर्यंत, एक दिवसही न चुकता, ती वाटी तिथे असे. आर्तध्यानाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

लग्नात भेटलेल्या त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, की चिठ्ठी पाकिटातून काढ आणि आईला दाखव. त्याने मान हलविली. पुढे काय झाले, ते मी विचारलेले नाही. हा अंक त्याच्या घरी जातो, हे मात्र मला ठाऊक आहे.

विवरणपत्रांच्या तारखा पुढील अंकात. तोवर जय जिनेंद्र.